फोर्ब्स फील्डची भिंत

पिट्सबर्ग विद्यापीठाच्या पोस्वार हॉलमध्ये तळमजल्याच्या फरशीत एक काच बसवली आहे आणि काचेखाली पांढऱ्या रबराचा एक पंचकोनी तुकडा आहे. बेसबॉलमध्ये बॅटर जिच्याशेजारी उभा राहतो, ती होम प्लेट. हातात कॉफी आणि कानात इयरफोन घातलेली पोरं दिवसभर तिच्यावरून ये-जा करतात. १९०९ ते १९७० या काळात इथे फोर्ब्स फील्ड होतं, पिट्सबर्ग पायरेट्स या संघाचं घरचं मैदान. जुनी मंडळी मिश्कीलपणे सांगतात, की प्लेट चुकीच्या जागी बसवली आहे. बरोबर मोजलं तर ती लेडीज टॉयलेटच्या पाचव्या दारामागे निघेल, आणि मग निम्म्या भक्तांना दर्शनच मिळायचं नाही. मी त्या टॉयलेटमध्ये जाऊन आलेली आहे. इतिहासाची चाहूल वगैरे काही लागली नाही.

इमारतीतून बाहेर पडून रस्ता ओलांडला की जे दिसतं, ते मात्र अस्सल आहे. आउटफिल्डची विटांची भिंत, तिच्यावर चढलेली आयव्हीची वेल आणि शेजारी मैदानाचा जुना ध्वजस्तंभ. भिंतीवर पांढऱ्या रंगात आकडा आहे: ४५७ फूट. होम प्लेटपासून त्या जागेपर्यंतचं अंतर.

माझा बेसबॉलशी जन्माचा काही संबंध नाही. दादरला वाढलेल्या मुलीला खेळ म्हणजे क्रिकेट, आणि क्रिकेट म्हणजे रविवारी शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर बाबांच्या शेजारी बसून ऐकलेली शेरेबाजी. नोकरीसाठी पिट्सबर्गला आले तेव्हा बेसबॉल मला भयंकर रटाळ वाटला होता. पुढे हळूहळू तो कळायला लागला, आणि खरं सांगायचं तर खेळापेक्षा हे पाडलेलं मैदानच आधी आवडलं. बाबा इथे आले तेव्हा त्यांना ती भिंत दाखवायला नेलं. त्यांनी चष्मा वर करून आकडा वाचला, मागे वळून पोस्वार हॉलकडे पाहिलं आणि म्हणाले, "अगं, चारशे सत्तावन्न? आपली बाउंड्री फार तर दोनशे सत्तर फूट. इथे सिक्सर मारायचा तर माणसाने जेवूनच उतरायला हवं." बाबांनी पुढची पंधरा मिनिटं पावलांनी अंतर मोजण्यात घालवली. मध्ये वाहता रस्ता असल्यामुळे तो प्रयोग अर्धवट राहिला.

एवढं मोठं मैदान बांधणारा माणूस होता बार्नी ड्रायफस. जर्मनीतून आलेला ज्यू तरुण, केंटकीमध्ये दारूच्या भट्टीत कारकुनी करून वर आलेला, पुढे पायरेट्सचा मालक. त्याचा संघ आधी नदीपलीकडे एक्स्पोझिशन पार्कवर खेळायचा. अ‍ॅलेगेनी नदी एवढी जवळ, की पूर आला की आउटफिल्डमध्ये पाणी. १९०२ साली ४ जुलैला तर फूटभर पाण्यात सामने झाले आणि पाण्यात पडलेल्या फटक्याला एकच बेस, म्हणजे धावण्याचा एकच टप्पा द्यायचा, असा नियम करावा लागला. ड्रायफस कंटाळला. अ‍ॅन्ड्र्यू कार्नेगीच्या मदतीने त्याने ओकलंड भागात, कार्नेगीच्याच वाचनालयाच्या आणि शेनली पार्कच्या शेजारी जागा घेतली. शहराच्या गजबजाटापासून लांब, घळीच्या कडेला असलेली ती जागा पाहून लोकांनी तिला ‘ड्रायफसचा वेडेपणा’ म्हणायला सुरुवात केली. लाकडी स्टँड जळून जाण्याचे ते दिवस. ड्रायफसने सगळं काम काँक्रीट आणि पोलादात करवून घेतलं, तेही चारेक महिन्यांत. ३० जून १९०९ ला पहिला सामना झाला. लोक आले ३०,३३८. शिकागो कब्जने पायरेट्सना ३-२ असं हरवलं, पण वेडेपणाची भाषा त्या दिवसापासून बंद झाली. त्याच वर्षी पायरेट्सनी डेट्रॉइटला हरवून वर्ल्ड सिरीज, म्हणजे मोसमाची सात सामन्यांची अंतिम मालिका, जिंकली.

मैदानाला नाव दिलं जनरल जॉन फोर्ब्स याचं. १७५८ साली फ्रेंचांचा किल्ला घेऊन या जागेला पिट्सबर्ग हे नाव देणारा तो ब्रिटिश सेनापती. स्वतःचं नाव देण्याचा मोह ड्रायफसला झाला नाही, याचं आज नवल वाटतं. भिंतींवर जाहिराती लावायलाही त्याने नकार दिला.

ड्रायफसला स्वस्तातले होम रन, म्हणजे भिंतीपलीकडे जाणारे फटके, आवडत नसत. म्हणून मैदान असं अवाढव्य. पण सगळीकडे सारखं नाही. डावी बाजू लांब, मधला भाग अतिलांब आणि उजवीकडे फक्त ३०० फूट. तिथे पुढे स्टँड बांधून वर ८६ फूट उंचीचं छप्पर घातलं. चेंडू मध्ये कुठेतरी पडायचा आणि क्षेत्ररक्षक त्याच्यामागे धावत सुटायचा. तेवढ्यात बॅटर तिसऱ्या बेसवर. चीफ विल्सन नावाच्या खेळाडूने १९१२ च्या एका मोसमात असे ३६ ट्रिपल मारले. तो विक्रम आजही अबाधित आहे आणि तो कधी मोडेल असं कुणाला वाटतही नाही, कारण तसली मैदानंच उरली नाहीत.

मला सगळ्यात आवडते ती या मैदानाची अडगळ. सरावाचा जाळीदार पिंजरा, बॅटिंग केज, ठेवायला जागा नाही म्हणून त्या ४५७ फुटांच्या कोपऱ्यात सरळ मैदानातच ठेवलेला असायचा. सामना चालू असताना! इतक्या लांब चेंडू येतो कशाला, असा हिशेब. ध्वजस्तंभही सीमेच्या आत. १९४३ साली युद्धाच्या धामधुमीत डाव्या भिंतीला टेकून ३२ फूट उंचीचा लाकडी मरीन सैनिक उभा केला होता, तोही खेळाच्या हद्दीत. चेंडू त्याला लागला तरी खेळ चालूच. आमच्या चाळीतल्या क्रिकेटमध्ये जिना, पाण्याचं पिंप आणि देशपांडे काकूंची तुळस यांना जे स्थान होतं, तेच इथे व्यावसायिक लीगमध्ये या वस्तूंना होतं.

अशा मैदानाला स्वतःचा स्वभाव असतो. त्याच्याशी जमवून घेतल्याशिवाय खेळता येत नाही. क्वचित मालकांनी मैदानच बदलून पाहिलं. १९४७ साली हँक ग्रीनबर्ग हा मोठा होम रनवाला डेट्रॉइटहून आणला, तेव्हा त्याच्यासाठी डावीकडचं कुंपण ३० फूट आत ओढलं. लोक त्या आतल्या तुकड्याला ‘ग्रीनबर्ग गार्डन्स’ म्हणू लागले. ग्रीनबर्ग एक मोसम खेळून निवृत्त झाला, मग राल्फ काइनरच्या नावाने तीच जागा ‘काइनर्स कॉर्नर’ झाली. १९५३ मध्ये काइनरला दुसऱ्या संघाला विकलं आणि कुंपण परत मागे गेलं. आपल्याकडे यजमानांना हवी तशी खेळपट्टी करून घेतात म्हणून कुरकुरणाऱ्यांनी हा किस्सा जरूर वाचावा.

इथे घडलेल्या गोष्टी मोजायला बसलं तर रात्र पुरायची नाही. दोन सांगते. ५ ऑगस्ट १९२१ ला हॅरॉल्ड आर्लिन हा वेस्टिंगहाउस कंपनीतला तरुण इंजिनिअर होम प्लेटमागच्या जागेवर बसला आणि टेलिफोनचा मायक्रोफोन केलेल्या यंत्रात बोलत राहिला. केडीकेए या रेडिओ केंद्राने ते हवेत सोडलं. मेजर लीग सामन्याचं रेडिओवरचं हे पहिलं धावतं वर्णन. पायरेट्सनी फिलाडेल्फियाला ८-५ ने हरवलं. आपलं अख्खं बालपण ज्या आवाजावर पोसलं गेलं, त्याची एक मुळी या ओकलंडच्या मातीत आहे, हे बाबांना सांगितलं तेव्हा ते चटकन गप्प झाले. मग म्हणाले, "बॉबी तल्यारखान." आणि पुढची पाच मिनिटं भिंतीकडे पाठ करून ब्रेबॉर्नच्या गोष्टी.

दुसरी गोष्ट २५ मे १९३५ ची. होम रनसाठी गाजलेला बेब रूथ तेव्हा चाळिशीला टेकलेला, पोट सुटलेलं, न्यूयॉर्क यांकीजनी सोडून दिल्यावर बोस्टन ब्रेव्ह्जकडून खेळत होता. त्या दुपारी त्याने तीन होम रन मारले. तिसरा उजवीकडच्या त्या ८६ फुटी छपरावरून पार मैदानाबाहेर गेला. तोवर एकालाही ते जमलं नव्हतं. तो त्याचा ७१४ वा आणि आयुष्यातला शेवटचा होम रन. ब्रेव्ह्ज सामना ११-७ ने हरले. काही दिवसांतच रूथ निवृत्त झाला.

आता जे सांगायचं आहे, ते या भिंतीजवळ उभं राहिलं की सहसा कानावर पडत नाही.

पायरेट्स परगावी गेले, की फोर्ब्स फील्ड भाड्याने मिळायचं. भाडेकरूंमध्ये होमस्टेड ग्रेज होते. जवळच्या होमस्टेड गावातल्या पोलाद कामगारांतून उभा राहिलेला हा कृष्णवर्णीय संघ. कम पोझी आधी त्यांचा खेळाडू होता, मग मालक झाला. १९३० साली जॉश गिब्सन त्यांच्याकडे आला, तेव्हा तो विशीतही नव्हता. त्याच जुलैमध्ये ग्रेज आणि कॅन्सस सिटी मोनार्क्स इथे फिरत्या दिव्यांच्या उजेडात रात्रीचा सामना खेळले. पायरेट्सना मैदानावर स्वतःचे दिवे लावायला त्यानंतर दहा वर्षं लागली.

पण मैदान भाड्याने मिळत होतं म्हणजे सगळं मिळत होतं असं नाही. कपडे बदलायच्या खोल्या काळ्या खेळाडूंना बंद. या अपमानाला उत्तर म्हणून गस ग्रीनली या धनाढ्य काळ्या व्यावसायिकाने हिल डिस्ट्रिक्टमध्ये बेडफर्ड अ‍ॅव्हेन्यूवर स्वतःचं मैदान बांधलं, ग्रीनली फील्ड. त्याचा धंदा बेकायदा आकड्यांचा होता, हेही सांगायला हवं. आम्ही मुंबईकर आकडा-मटका ऐकून दचकत नाही. १९३२ मध्ये ते मैदान उघडलं आणि त्याच्या पिट्सबर्ग क्रॉफर्ड्स संघात सॅचेल पेज, जॉश गिब्सन, कूल पापा बेल, ऑस्कर चार्ल्स्टन, जूडी जॉन्सन अशी पुढे हॉल ऑफ फेममध्ये गेलेली पाच माणसं एकत्र खेळली.

एक योगायोग मला सोडवत नाही. फोर्ब्स फील्डवर ६१ वर्षांत एकाही पिचरने, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याने, नो-हिटर टाकला नाही, म्हणजे समोरच्या संघाला अख्ख्या सामन्यात एकही हिट मिळू दिली नाही असं कधी घडलं नाही. हे इथले चाहते फार कौतुकाने सांगतात. आणि थोड्याच अंतरावर ग्रीनली फील्डवर ४ जुलै १९३४ ला सॅचेल पेजने नेमका होमस्टेड ग्रेजविरुद्धच नो-हिटर टाकला, १७ जणांना स्ट्राइकआउट करून, म्हणजे चेंडू मारूच न देता बाद करून. ग्रीनली फील्ड १९३८ मध्ये पाडलं, सरकारी घरांसाठी. सहा वर्षांचं आयुष्य. आज तिथे एक पाटी आहे. त्याची भिंत उरली नाही, कुणी विटा जपल्या नाहीत.

गिब्सन १९४७ च्या जानेवारीत पस्तिशीतच गेला, जॅकी रॉबिन्सनने काळ्या खेळाडूंना मेजर लीगचं दार उघडलं त्याच्या तीन महिने आधी. २०२४ मध्ये काळ्या खेळाडूंच्या निग्रो लीगचे आकडे अधिकृत नोंदींत घेतले गेले, तेव्हा कारकिर्दीच्या फलंदाजीच्या सरासरीत गिब्सन टाय कॉबच्या वर पहिला आला. .३७२. फोर्ब्स फील्डवरच्या आठवणींच्या गप्पांत हा आकडा ४५७ च्या बरोबरीने यायला हवा, असं माझं मत आहे.

त्या गप्पा ऐकायच्या तर १३ ऑक्टोबरला यावं. १९८५ साली एक चाहता एकटाच टेप घेऊन भिंतीपाशी येऊन बसला. १९६० च्या वर्ल्ड सिरीजचा सातवा सामना त्याने पहिल्या चेंडूपासून ऐकला. पुढच्या वर्षांत लोक जमत गेले. आता दर वर्षी त्या दिवशी घडीच्या खुर्च्या, पायरेट्सच्या टोप्या, सँडविच, नातवंडं असा जथा येतो. जुनं रेडिओ वर्णन दुपारी एकच्या सुमाराला अशा बेताने लावतात, की शेवटचा फटका बरोबर ३ वाजून ३६ मिनिटांनी बसावा. तो बसला होता त्याच वेळेला.

मीही गेले होते. शेजारी एक आजोबा होते, भुईमुगाच्या शेंगांची पिशवी मांडीवर. मी नवखी आहे हे त्यांनी ओळखलं आणि शेंगा पुढे करत शिकवणी घेतली. त्यांच्याकडून कळलेलं असं: त्या मालिकेत न्यूयॉर्क यांकीजनी एकूण ५५ धावा केल्या आणि पायरेट्सनी २७. यांकीजनी तीन सामने जिंकले ते १६-३, १०-० आणि १२-० असे. पायरेट्सनीही तीन जिंकले, कसेबसे. सातव्यात पायरेट्स आधी पुढे, मग आठव्या इनिंगपर्यंत ७-४ ने मागे.

इथे आजोबांनी बोट वर केलं. आता ऐक, म्हणाले, आता मैदान खेळणार.

बिल व्हर्डनने चेंडू जमिनीलगत मारला, सरळ शॉर्टस्टॉप टोनी कुबेककडे. दोन गडी एकदम बाद व्हावेत असा फटका. फोर्ब्स फील्डची इन्फिल्डची माती दगडासारखी कडक म्हणून बदनाम होती. खडा लागला म्हणा की ढेकूळ, चेंडू उसळला आणि कुबेकच्या गळ्यावर बसला. त्याला हॉस्पिटलात न्यावं लागलं. सुटलेल्या त्या गड्यांच्या जोरावर इनिंग चालत राहिली. रोबेर्तो क्लेमेंटे एका फुसक्या फटक्यावर जीव खाऊन धावला आणि पहिल्या बेसवर वाचला. मग हॅल स्मिथचा तीन धावांचा होम रन. ९-७. यांकीजनी नवव्यात ९-९ केलं. पायरेट्सच्या नवव्या इनिंगमध्ये सुरुवातीलाच आला बिल मॅझरॉस्की, ज्याची ख्याती क्षेत्ररक्षणाची, फटक्यांची नव्हे. राल्फ टेरीच्या दुसऱ्या चेंडूवर त्याने डाव्या भिंतीवर चेंडू मारला. योगी बेरा भिंतीकडे धावला, वर पाहिलं आणि वळला. ४०६ फुटांच्या खुणेवरून चेंडू बाहेर. १०-९. सातव्या सामन्यात होम रनने वर्ल्ड सिरीज संपल्याचं ते एकमेव उदाहरण.

रेडिओवर तो क्षण आला तेव्हा भिंतीपाशी जमलेली माणसं उठून ओरडली. निकाल प्रत्येकाला पाठ. तरी टेरीने चेंडू टाकण्याआधी माझ्या शेजारच्या आजोबांनी शेंग सोलायची थांबवली होती. विद्यापीठाच्या ४२ मजली कॅथीड्रल ऑफ लर्निंगच्या टोकावरून विद्यार्थी खाली मैदानाकडे पाहून जल्लोष करताहेत, असं त्या दिवशीचं एक प्रसिद्ध छायाचित्र आहे. ती इमारत अजून तिथेच उभी, मान वर केली की दिसते. खालचं मैदान तेवढं नाही.

आता कटू भाग. फोर्ब्स फील्ड कुणी हिसकावून घेतलं नाही. १९५८ मध्येच ते विद्यापीठाला २० लाख डॉलरना विकून झालं होतं. मॅझरॉस्कीने तो फटका मारला तेव्हा पायरेट्स स्वतःच भाडेकरू होते. लोकांना गाड्या लावायला जागा नव्हती, खांबांआडून खेळ दिसत नव्हता, खुर्च्या जुन्या झाल्या होत्या. उपनगरांत राहायला गेलेल्या मध्यमवर्गाला ओकलंडच्या गल्ल्यांत पार्किंग शोधत फिरायचं नव्हतं. आज हळहळणाऱ्यांपैकी किती जण तेव्हा ‘कधी एकदा नवं स्टेडियम होतंय’ म्हणत होते, हे विचारायचा मोह मी त्या दिवशी आवरला.

२८ जून १९७० ला शेवटचे दोन सामने, समोर पुन्हा शिकागो कब्ज. पहिल्या दिवशी हरलेले पायरेट्स शेवटच्या दिवशी दोन्ही जिंकले. ४०,९१८ लोक आले होते. सामना संपताच ते मैदानावर उतरले आणि खुर्च्या, धावफलकावरचे आकडे, हाताला येईल ते घेऊन गेले. त्या डिसेंबरात एकदा आणि पुढच्या जुलैत पुन्हा एकदा आग लागली. १९७१ च्या जुलैअखेर पाडकाम सुरू झालं.

पायरेट्स गेले ते थ्री रिव्हर्स स्टेडियममध्ये. म्हणजे नदीकाठी, ड्रायफसने पुराला कंटाळून सोडलेल्या एक्स्पोझिशन पार्कच्या जवळपासच. गोल गरगरीत काँक्रीटची वाटोळी वास्तू, कृत्रिम हिरवळ, अंतरं दोन्हीकडे सारखी, मुबलक पार्किंग. ११ फेब्रुवारी २००१ ला ते सुरुंग लावून उडवलं. जेमतेम तीस वर्षं टिकलं. त्याच्या जागेपाशी दर वर्षी रेडिओ घेऊन कुणी बसतं असं माझ्या ऐकण्यात नाही, जरी तिथे पायरेट्सनी दोन वर्ल्ड सिरीज वर्षं गाजवली. शेजारचं नवं पीएनसी पार्क मात्र मुद्दाम वेडंवाकडं बांधलं आहे. उजवी भिंत २१ फूट, क्लेमेंटेच्या २१ क्रमांकाची आठवण म्हणून. देखणं आहे, मला आवडतं. पण तिथला वाकडेपणा आर्किटेक्टने मापून दिलेला, फोर्ब्स फील्डचा गल्लीबोळांनी आणि घळीने दिलेला.

एक गोष्ट राहिली. त्या सातव्या सामन्याचं पूर्ण चित्रण नष्ट झालं असंच सगळे धरून चालले होते. पायरेट्सच्या मालकांपैकी एक होता गायक बिंग क्रॉस्बी. सामना बघताना आपल्या नजरेने संघ हरेल, या भीतीने तो पॅरिसला निघून गेला होता आणि जाताना टीव्हीवरून सामना फिल्मवर उतरवून ठेवायची व्यवस्था करून गेला. २००९ साली त्याच्या कॅलिफोर्नियातल्या घराच्या तळघरात, जिथे तो वाइन ठेवायचा तिथे, पाच रिळं सापडली. पुढच्या वर्षी पिट्सबर्गमध्ये ती दाखवली आणि मग टीव्हीवरही आली.

म्हणजे आता तो सामना घरबसल्या बघता येतो. आजोबांना मी ते विचारलं. त्यांनी सिनेमा पाहिला होता, ठीक आहे म्हणाले, पण कुबेकचा चेंडू त्यात नीट कळत नाही. मग त्यांच्या पलीकडच्या बाईंनी खडाच लागला होता असं ठामपणे सांगितलं, आजोबांनी ढेकळाचा पक्ष घेतला आणि दोघांचं जुंपलं. चौथ्या मिनिटाला बाईंनी घड्याळ पाहिलं, पार्किंगचं मीटर संपत आलंय म्हणत खुर्ची मिटली आणि फोर्ब्स अ‍ॅव्हेन्यूच्या दिशेने चालू पडल्या. आजोबा मागून ओरडले, पुढच्या वर्षी बसने या.